महजरावरील निशाण्या व गोतसभेंत बसण्याचा अधिकार

१. महजरांचे कागद आजवर पुष्कळ छापले गेले आहेत व त्यांचा उपयोगही पुष्कळ झाला आहे. पाटीलकीचा कज्जा कसा तुटला, देशमुखीची वांटणी कशी झाली, अमुक घराणें अमुक गांवीं केव्हांपासून नांदतें, ह्या प्रश्नांचीं उत्तरें महजराच्या मध्यभागांत सांपडतात. म्हणून संशोधकांची दृष्टि बहुधा त्या मध्यभागावरच खिळून राहते. आरंभींची हजर मंडळींची यादी व शेवटच्या निशाण्या ह्यांजकडे तितकें लक्ष जात नाहीं. आमच्या मतें महजराचें खरें बोलणें जितकें मध्यभागांत आहे तितकेंच ह्या दोन टोकांत आहे. गांवच्या सार्वजनिक कारभारांत जे लोक संख्येनें थोडे होते, धर्मानें निराळे होते किंवा जातीनें खालचे गणले जात होते, त्यांस सभेंत हजर राहण्याचा अधिकार होता काय, आणि असल्यास तो कोणत्या पायावर उभा होता, ह्या एकाच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

ह्या प्रश्नावर दोन टोकांचीं मतें प्रचारांत आहेत. चार्ल्स मेटकाफ ह्यानें १८३० सालच्या टिपणांत हिंदुस्थानांतील गांवांस लहान लहान प्रजासत्ताकें म्हटलें. तेव्हांपासून जुनें गांव म्हणजे सर्वांचें व सर्वांसाठीं चालणारें राज्य, असें एक चित्र रूढ झालें. उलट पक्षीं, गांवकीचा कारभार म्हणजे पाटील-कुळकर्ण्यांची मिरासदारी, तेथें खालच्यास तोंड उघडण्याची सोय नव्हती, असें दुसरें मत आहे. महजराची साक्ष घेतली तर दोन्ही मतांस मुरड घालावी लागते. तेथें खालचा माणूस हजर आहे, आणि त्याची हजेरी नोंदलेली आहे. पण तो बरोबरीनें हजर नाहीं. ही हजेरी कोणत्या प्रकारची, हेंच समजून घेतलें पाहिजे.

२. महजर हा शब्द मूळचा अरबी. हजर, हाजिर, हुजूर, हजेरी हे आपल्या नित्य व्यवहारांतील शब्द ज्या धातूचे, त्याच धातूचा हा. मंडळी हजर झाली ती जागा किंवा तो प्रसंग, हा मूळ अर्थ; पुढें त्या प्रसंगीं सर्वांच्या समक्ष झालेल्या लेखासही महजर म्हणूं लागले. म्हणजे निर्णय हा ह्या कागदाचा दुसरा गुण. पहिला गुण समक्षता. एकट्या अधिकाऱ्यानें दिलेला हुकूम कितीही न्याय्य असला तरी तो महजर होत नाहीं.

कागदाचा घाट ठरलेला असतो. कागदाच्या पट्ट्या एकीस एक चिकटवून लांब गुंडाळी केलेली असते. आरंभीं काल, तो बहुधा शुहूर सनांत, म्हणजे इसवी सन काढण्यास त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. त्याखालीं हाजिर मजालस, म्हणजे सभेंत बसलेल्यांचीं नांवें. मग अग्रवादी व पश्चिमवादी ह्यांच्या तकरीरी, दोघांचे राजीनामे व जामीन, साक्षीदारांच्या जबान्या, जुन्या कागदांचे दाखले, जरूर पडल्यास दिव्य, आणि शेवटीं निर्णय. हरलेल्यानें यजितखत लिहून द्यावें, जिंकलेल्यानें हरकी द्यावी, हा रिवाज. सर्वांच्या शेवटीं, किंवा समासांत, शिक्के, दस्तुरें व निशाण्या. वि. त्र्यं. गुणे ह्यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः अशा महजरांच्या व निवाडपत्रांच्या आधारें लिहिलेला असून, ज्यांस ह्या पद्धतीचा सविस्तर अभ्यास करावयाचा असेल त्यांनीं तो पाहावा.

३. मजालशींत दोन अंगें असत : दिवाण व गोत. दिवाण म्हणजे राजाचे नेमलेले अधिकारी. आदिलशाही व निजामशाही अमलांत ह्यांत हवालदार, ठाणेदार व काजी येत. काजीचा फारशी शिक्का ह्या काळच्या अनेक महजरांवर ठळकपणें उठलेला असतो. गोत म्हणजे वतनदारांचा समुदाय : परगण्याचे देशमुख-देशपांडे, आजूबाजूच्या गांवांचे मोकदम, पेठेचे शेटे-महाजन, आणि खुद्द गांवचे पाटील, चौगुले, कुळकर्णी व बलुते. गांवच्या ह्या समुदायास कागदांतून समाकुल पांढर असें म्हटलेलें आढळतें. शेतजमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी; आणि पांढरी ह्या शब्दानें जागेप्रमाणेंच त्या जागेवर हक्कानें राहणाऱ्या माणसांचाही बोध होई.

येथें हक्कानें हा शब्द महत्त्वाचा आहे. गोत शब्दाच्या मूळ अर्थावरून हा एका रक्ताच्या किंवा एका जातीच्या लोकांचा मेळावा असावा, असा समज होतो. पण महजरांतील गोत तसें नाहीं. त्यांत ब्राह्मण आहे, मराठा आहे, वाणी आहे, कुंभार आहे, मुसलमान आहे आणि महार आहे. ह्या सर्वांस एकत्र आणणारी गोष्ट एकच, व ती म्हणजे वतन. ज्याचें गांवांत वतन, तो गोतांतला. गोत हें नात्यानें बांधलेलें नसून वतनानें बांधलेलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे यादींतील प्रत्येक नांव तेथें कां आलें ह्याचा उलगडा होतो.

४. बारा बलुते कोणते, ह्याविषयीं गांवोगांवच्या याद्या जुळत नाहींत. ग्रँट डफ ह्यानें आपल्या १८२६ च्या इतिहासांत सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, भाट व मुलाणा अशी यादी दिली आहे. त्रिं. ना. आत्रे ह्यांनीं १९१५ च्या ‘गांव-गाडा’ ग्रंथांत ह्या सर्वांच्या कामाचा, मानाचा व मोबदल्याचा तपशील इतक्या बारकाईनें मांडला आहे, कीं पुढील प्रत्येक लेखकास त्यांचें ऋण मान्य करावें लागतें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें ह्या यादींतील दोन नांवें विशेष विचारणीय आहेत : मुलाणा व महार.

मुलाणा मुसलमान. देशावरच्या पुष्कळ गांवांत मुसलमानांचीं घरें थोडीं. तथापि मुलाण्याचें वतन गांवाचें होतें, केवळ त्याच्या जमातीचें नव्हतें. मशिदीची व्यवस्था व निकाह लावणें हें त्याचें स्वधर्मीयांसाठींचें काम. पण कुणब्याच्या घरचें बकरेंही त्याच्याच हातून कापलें जाई, आणि ह्या कामाबद्दल खळ्यावर सुतार-लोहाराप्रमाणें त्यास बलुतें मिळे. म्हणून पाटीलकीचा वाद हिंदु घराण्यांतला असो, हद्दीचा तंटा असो, मुलाण्याचें नांव यादींत येतें, तें कोणाच्या औदार्यानें येत नाहीं. तो गांवाचा वतनदार, म्हणून गांवाच्या लेखाचा साक्षी. राज्य आदिलशाहाचें असो, छत्रपतींचें असो वा पेशव्यांच्या हातचें असो, त्याच्या ह्या स्थानाचें मूळ राज्यकर्त्याच्या धर्मांत नव्हतें. तें बलुत्यांत होतें.

महाराचें प्रकरण अधिक गुंतागुंतीचें. तो अस्पृश्य मानला गेलेला. त्याची वस्ती गांवकुसाबाहेर. पण गांवाची शीव जितकी त्यास ठाऊक तितकी पाटलासही नसे. वेसकराचें काम त्याचें, वाटसरूचा माग त्यानें काढावयाचा, सरकारी पैका व टपाल त्यानें पोंचवावयाचें, आणि शिवेचा वाद पडला तर जुन्या खुणा दाखवीत त्यानें पुढें चालावयाचें. शिवेच्या महजरांत महाराची साक्ष म्हणून केवळ उपचार नसे; निकालाचा भार पुष्कळदां तिच्यावरच पडे. आपले बावन्न हक्क बेदरच्या बादशाहानें दिले, अशी महारांची परंपरागत समजूत आहे. तिची ऐतिहासिक सत्यता कांहींही असो, आपला हक्क सनदी आहे, तो कोणाच्या मर्जीचा नाहीं, ही जाणीव त्या समजुतींतून स्पष्ट दिसते. महार व मांग ह्यांच्या हक्कांच्या तंट्यांचे कागदही उपलब्ध आहेत; ह्यावरून ज्यांस आपण मुके समजतों ते आपल्या वतनासाठीं दाद मागत होते, हें उघड होतें.

५. आतां निशाण्यांकडे वळूं. ज्यास लिहितां येत असे तो दस्तुरखुद्द सही करी. ज्यास येत नसे त्याचें नांव दुसरा लिही, त्याखालीं लिहिणाराचें बिकलम घाली, आणि नांवाचा धनी आपली निशाणी करी किंवा करवी. पाटलाची निशाणी नांगर. ही इतकी प्रसिद्ध आहे, कीं कागदाचा तुकडा हातीं आला तरी नांगर दिसतांच पाटील ओळखावा. शेट्या-महाजनांची तराजू, सुताराचें किंकरें, लोहाराचा हातोडा, चांभाराची आरी. वतनाची मालकीण म्हणून जेथें स्त्री, बहुधा विधवा, कागदावर येते तेथें निशाणी बांगडीची आढळते. एकंदरींत ज्याचें जें हत्यार किंवा जें लक्षण, तीच त्याची सही.

ह्या रीतींत दोन गोष्टी एकदम साधल्या आहेत. एक, निरक्षरता ही सार्वजनिक लेखांतून वगळण्याचें कारण झाली नाहीं. लिहितां येत नाहीं म्हणून तुझें नांव नको, असें गोतानें कोणास म्हटलें नाहीं. उलट अक्षरशून्य माणसाची संमति टिकाऊ रीतीनें नोंदण्याची सोय करून ठेविली. पुढें वाद उपस्थित झाला, तर ज्याची निशाणी आहे त्यास आम्हांस ठाऊक नाहीं असें म्हणतां येत नसे. आणि ज्याची निशाणी नाहीं त्यास आम्ही हजर नव्हतों असें म्हणण्यास जागा राही. म्हणून निशाणी मिळविण्याची गरज जितकी खालच्यास, तितकीच निकाल पक्का व्हावा अशी इच्छा करणाऱ्या वरच्यासही होती.

दुसरी गोष्ट मात्र विसरतां येत नाहीं. निशाणी माणसाची नसून धंद्याची आहे. सुताराचें किंकरें त्याच्या बापाचें तेंच, मुलाचेंही तेंच. तो सभेंत आला तो अमुक विचाराचा मनुष्य म्हणून नव्हे, तर सुतारकीचा धारक म्हणून. वतन आहे तोंवर स्थान. वतन गेलें कीं स्थान गेलें. जो अधिकार वतनानें दिला, त्याची मर्यादाही वतनानेंच घातली.

६. ह्या मर्यादा कोणत्या, तें पाहूं. पहिली, अनुक्रमाची. यादींत नांवें वाटेल तशीं येत नाहींत. आधीं पाटील, मग चौगुला, कुळकर्णी, शेटे; मग बलुते, व त्यांतही महार-मांग बहुधा शेवटीं. ही उतरंड कागदावरची तशीच जमिनीवरचीही. चावडीवर जे बसत ते सर्व एका पातळीवर बसत नसत. महारानें बाहेर, अंतरावर राहूनच बोलावयाचें. त्याच्या साक्षीवांचून शीव ठरत नाहीं, आणि त्याचा स्पर्श झाला तर चावडी विटाळते : हीं दोन्ही वाक्यें एकाच गांवाविषयीं एकाच वेळीं खरीं होतीं. ज्यांस केवळ पहिलें दिसतें ते जुन्या गांवाचें गुणगान करितात, ज्यांस केवळ दुसरें दिसतें ते त्याचा धिक्कार करितात. कागद दोन्ही सांगतो.

दुसरी मर्यादा उपऱ्यांची. मिरासदार किंवा थळकरी तो गांवाचा. उपरी तो बाहेरून येऊन जमीन वाहणारा. उपऱ्यानें कितीही वर्षें घाम गाळला, तो कितीही उच्च जातीचा असला, तरी मिरास मिळाल्यावांचून गोतांत त्यास स्थान नाहीं. ह्या दृष्टीनें पाहतां, गांवचा महार गोताच्या यादींत शेवटीं कां होईना आहे, आणि सधन मराठा उपरी यादींत मुळींच नाहीं, असा प्रकार घडे. जातीची व वतनाची मापें वेगळीं होतीं. प्रवेश वतनानें, आणि प्रवेशानंतरची पायरी जातीनें.

तिसरी मर्यादा संख्येची. गोताचा निकाल हात मोजून होत नसे. मंडळी एकमतास आल्यावरच महजर होई. एकमताची रीति दुबळ्यास तारक, कीं मारक? कागदांवरून पाहतां ती दोन्ही होती. एकट्या वतनदाराच्या हट्टानें काम अडूं शके, हें खरें. पण ज्यास गांवांत राहावयाचें आहे त्यानें पाटलाच्या तोंडासमोर नाहीं म्हणणें किती सोपें होतें, हें निराळें सांगावयास नको. निशाणी संमति दाखविते. ती संमति मनापासून होती कीं भिडेनें, हें निशाणी सांगत नाहीं.

७. तथापि भिडेवर एक उपाय ह्या पद्धतींतच ठेविलेला होता, व त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधितों. तो उपाय म्हणजे परस्थळ. आपल्या गांवचें किंवा परगण्याचें गोत प्रतिपक्षाच्या बाजूचें आहे, तेथें आपणांस न्याय मिळणार नाहीं, असें वाटल्यास वादी दुसऱ्या स्थळाची मागणी करी, आणि मग जेथें दोघांचेंही लागेंबांधें नाहीं अशा ठिकाणच्या मजालशीपुढें वाद चाले. जो पक्ष संख्येनें किंवा बळानें कमी, त्यासच ह्या सोयीचा खरा उपयोग. बहुमतापासून संरक्षण हवें तर बहुमताच्या कक्षेबाहेर जाण्याचा मार्ग मोकळा असला पाहिजे, हें तत्त्व आमच्या पूर्वजांनीं सूत्ररूपानें कोठें लिहून ठेविलें नसेल. पण त्यांच्या आचारांत तें होतें. जुन्या पद्धतीचा आजच्या विचारास जर कांहीं देणें असेल, तर तें पंचायतीच्या गौरवांत शोधण्यापेक्षां परस्थळाच्या ह्या रिवाजांत शोधावें, असें आम्हांस वाटतें.

८. अठराव्या शतकांत निवाड्याचें काम हळूहळू गोताकडून दिवाणाकडे जाऊं लागलें. मोठे वाद पुण्यास हुजूर येऊं लागले; सरकारनें नेमलेले थोडे पंच व न्यायाधीश चौकशी करीत व निवाडपत्र सरकारच्या नांवें निघे. निकाल कदाचित् अधिक शास्त्रशुद्ध झाले असतील. पण समाकुल पांढरीच्या निशाण्यांचें प्रयोजन कमी झालें. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन ह्यानें १८१९ च्या वृत्तांतांत पंचायत हें ह्या मुलखांतील न्यायदानाचें मुख्य साधन असल्याचें नमूद केलें व ती टिकवावी अशी इच्छाही दाखविली. परंतु अदालती उभ्या राहिल्या, १८२७ चे कायदे झाले, आणि गोत निवाड्याच्या कामांतून बाहेर पडलें.

ह्या स्थित्यंतरांत कोणाचें किती गेलें? पाटील-कुळकर्णी सरकारी नोकर म्हणून राहिले. १८७४ च्या वतनी हुद्द्यांच्या कायद्यानें महाराचें वतनही राहिलें, पण तें केवळ चाकरी म्हणून. काम पूर्वीचेंच, किंबहुना वाढलेलें. गोतांतील हजेरी मात्र गेली. अधिकार वतनास चिकटलेला होता. वतनाचा अर्थ बदलतांच अधिकार गळून पडला व ओझें तेवढें उरलें. १९२८ सालीं डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत ह्या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणिलें, त्याच्या मुळाशीं हीच वस्तुस्थिति होती. कनिष्ठ गांववतनें अखेर १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं.

९. दरम्यान स्थानिक स्वराज्याची नवी इमारत उभी राहत होती. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यांत १८८४ सालीं लोकल बोर्डांचा कायदा झाला. त्यांतील मताधिकार मिळकतीवर बसविलेला. ज्या महाराची किंवा मुलाण्याची निशाणी दोनशें वर्षांपूर्वींच्या महजरावर आहे, त्याच्या वंशजास मिळकतीच्या अभावीं ह्या नव्या सभेंत मत देखील नाहीं, अशी अवस्था आली. जुना दरवाजा बंद झाला होता, आणि नव्याची उंची त्याच्या आवांक्याबाहेर होती.

ह्यानंतरची महाडची हकीकत सर्वश्रुत आहे. पण तिची एक बाजू आमच्या वाचकांच्या खास जिव्हाळ्याची आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलांत १९२३ सालीं पास झाला; १९२४ सालीं महाड म्युनिसिपालिटीनें त्याप्रमाणें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला; २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह तळ्याचें पाणी घेतलें. त्याच वर्षीं ऑगस्टांत म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला. पुढें वाद कोर्टांत गेला. तळें वापरण्यास अस्पृश्यांस पुरातन रूढीनें बंदी आहे, हें फिर्यादींचें म्हणणें. हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं निकाल दिला, कीं अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाहीं. म्हणजे सर्व प्रकरणाचा कस शेवटीं पुराव्यावर लागला. रूढी जुनी आहे असें म्हणणाऱ्यानें ती जुनी असल्याचें दाखविलें पाहिजे, हा न्यायालयाचा नियम, आणि हाच इतिहाससंशोधनाचाही नियम. जुन्या काळाच्या नांवावर माणसांस बाहेर ठेवणें सोपें असतें; जुना काळ कागदांतून बोलूं लागला म्हणजे तें तितकें सोपें राहत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर अधिकाराचा पायाच बदलला. १९५० च्या राज्यघटनेनें प्रत्येक प्रौढास मत दिलें. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें, व त्याहून व्यापक रीतीनें २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें, अनुसूचित जाति-जमातींस लोकसंख्येच्या प्रमाणांत व स्त्रियांस निदान एक-तृतीयांश राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं स्त्रियांचा वांटा निम्म्यावर नेला. ग्रामसभा ही गांवच्या सर्व मतदारांची सभा म्हणून घटनेंतच नमूद झाली. येथें उपरी व थळकरी हा भेद नाहीं, वतन नाहीं, मतदारांच्या यादींत नांव असलें म्हणजे झालें. आजही ग्रामसभेच्या वहींत हजर असलेल्यांच्या सह्या व अंगठे घेतात. निशाणी व अंगठा ह्यांतील फरक पाहण्याजोगा आहे. नांगर, किंकरें किंवा आरी पाहून मनुष्य कोणत्या जातीचा व कोणत्या कामाचा हें कळे. अंगठ्यावरून तें कळत नाहीं. तो फक्त हा मनुष्य हजर होता एवढेंच सांगतो, आणि सार्वजनिक सभेंत हजर राहण्यास तेवढें पुरे असावें.

परंतु जुन्या मर्यादा नव्या वहींत शिरूं शकतात, हेंही महजरच आपणांस शिकवितो. राखीव जागेवर निवडून आलेला सभासद खुर्चीवर बसतो कीं दाराशीं उभा राहतो, स्त्री-सरपंचाच्या सहीमागें तिचें मत असतें कीं घरच्या पुरुषाचें, थोड्या घरांच्या वस्तीचा प्रश्न विषयपत्रिकेवर कितव्या क्रमांकावर येतो, हे प्रश्न यादीच्या अनुक्रमाचे व भिडेच्या संमतीचेच प्रश्न आहेत. यादींत नांव असणें ही अर्धी गोष्ट. मजालशींत बोलतां येणें, आणि तेथें न ऐकल्यास परस्थळीं दाद मागतां येणें, ही उरलेली अर्धी.

१०. शेवटीं, ज्यांच्या संग्रहीं महजर आहेत त्यांस आमची विनंति. गुंडाळीचा शेवट हा तिचा सर्वांत दुबळा भाग. डिंक सुटतो, शेवटची पट्टी वेगळी होते, आणि मजकूर तर पुरा आहे ना, असें म्हणून ती दुर्लक्षिली जाते. ह्या पट्टीवर बहुधा यादींतील शेवटचीं नांवें, म्हणजे ज्यांच्याविषयीं दुसरा कागद मिळण्याचा संभव सर्वांत कमी, तींच असतात. देशमुखांच्या घरीं दफ्तर असतें. मुलाण्याच्या किंवा महाराच्या घरीं तें क्वचित्. त्यांचा पूर्वज गांवच्या कारभारांत हजर होता ह्याचा पुरावा दुसऱ्याच्या दफ्तरांत, दुसऱ्याच्या वादाच्या कागदावर, अखेरच्या चार बोटांत उरलेला असतो. ती पट्टी गेली तर त्यांचा तेवढा इतिहास गेला.

म्हणून सुट्या झालेल्या पट्ट्या टाकूं नयेत; ज्या महजरासोबत सांपडल्या त्याच्यासोबत ठेवाव्या, व सांध्यावरील अर्धे शिक्के जुळवून पाहावे. समासांतील निशाण्या दुरुस्तीच्या कागदाखालीं झांकूं नयेत. छायाचित्र घेतांना संपूर्ण गुंडाळी, पाठपोट, घ्यावी. आणि महजर छापतांना पुढें इतर बलुत्यांच्या निशाण्या आहेत असें म्हणून लेखणी थांबवूं नये. प्रत्येक नांव, प्रत्येक बिकलम, प्रत्येक निशाणीचा आकार, आणि यादींतील क्रम, जसा आहे तसा द्यावा. कोणाची निशाणी कोठें तुटते, एखाद्या गांवीं मुलाण्याचें नांव एका महजरांत आहे व पुढल्यांत नाहीं, महाराचें नांव आरंभींच्या यादींत नाहीं पण शेवटीं निशाणी आहे, असे फरक अनेक गांवांचे संपूर्ण पाठ एकत्र मांडल्यावरच दिसतील, आणि गोतसभेचा खरा इतिहास त्या फरकांतून लिहितां येईल.

महजर म्हणजे हजेरी. जे हजर होते त्यांस आपण छापतांना गैरहजर करूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.